दोन वाजल्या तर खाली ये

दत्ताराम फोनवर बोलत नसे. वाजवायचा आणि ठेवायचा. वीस वर्षांत चंपाबाईंनी त्याचा फोन एकदाही उचलला नव्हता, आणि तो उचलला जाणार नाही याची दत्तारामला इतकी खात्री की तिकडे तो "हॅलो" म्हणायची तयारीसुद्धा ठेवत नसे.

एकदा वाजून बंद झाला, की समजायचं: पोचलो, ठीक आहे. लागोपाठ दोनदा वाजला, की खाली ये, हातात ओझं आहे. गिरणी बंद पडल्यावर दत्ताराम वॉचमनकी करायचा, येताना भायखळ्याहून भाजीच्या पिशव्या आणायचा, आणि लालबागच्या त्यांच्या चाळीत तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या चढवणं त्याच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. पायरीशी येऊन दोनदा वाजवलं, की चंपाबाई पदर खोचून खाली. तिसरी खूण नव्हतीच. दोघांचा संसार एवढ्यात भागत होता.

त्याच मजल्यावर पाच खोल्या सोडून तात्या राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त. शर्टाच्या खिशात अजून पेन. तात्यांना या मिस्ड कॉलची मनस्वी चीड.

"टेलिफोन बोलण्यासाठी असतो, दत्ताराम," एकदा गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. "दार वाजवून पळून जायचं, ही काय पद्धत झाली? तुम्ही लोक ना..."

"मी पळत नाय, तात्या. मी कळवतो," दत्ताराम म्हणाला. त्या 'तुम्ही लोक'नंतर तो तात्यांशी बोलेनासा झाला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. एका गॅलरीत, एका नळावर, एकमेकांना वाट देत, पण तोंडातून शब्द नाही. बायकांचं तेवढं होतं. तात्यांच्या नलूवहिनी आणि चंपाबाई नळ-पाण्यापुरतं बोलायच्या.

करोनाच्या वर्षी, मे महिन्यात चाळ सील झाली. दाराला बांबू आडवे, त्यावर पालिकेचं बॅनर. चाळीचे सेक्रेटरी धम्मपाल खुर्ची टाकून बांबूंपाशी बसायचे, पलीकडून येणारं दूध-भाजी अलीकडे घ्यायचे. गुरुवारी तात्यांना कोविड सेंटरला नेलं. ॲम्ब्युलन्सवाला थांबेना. तात्यांचा फोन घरातच चार्जिंगला राहिला. तो अंगठ्याने उघडायचा फोन, आणि अंगठा ॲम्ब्युलन्समध्ये. नलूवहिनींना त्यावर आलेला फोन तेवढा घेता यायचा. मुलगा विनीत कॅनडाहून करायचा, भाची पुण्याहून करायची, पण ज्याचा यायला हवा त्याचा येत नव्हता. अर्ध्या मुंबईचे जुने सहा आकडी नंबर पाठ असलेल्या तात्यांना, विनीतने घेऊन दिलेला हा नवा नंबर पाठ नव्हता. हेल्पलाइनवरची मुलगी रोज एकच सांगायची, "पेशंट स्टेबल आहे."

शनिवारी दत्तारामला नेलं. त्याच सेंटरमध्ये. त्याचा बटणांचा फोन, चार्जर, टॉवेल, एका प्लास्टिकच्या पिशवीत. चष्मा फळीवर राहिला, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. जिन्यात थांबून तो मास्कमधून म्हणाला, "रोज चारला एक देईन. उचलू नको हां. उचललास तर मला बोलावं लागंल, आन् बोललं की दम लागतो."

चंपाबाईंच्या हातावर पालिकेचा शिक्का होता. टेस्ट निगेटिव्ह, तरी शिक्का. त्या शिक्क्याच्याच हातात फोन धरून रविवारी त्या साडेतीनपासून बसल्या. चारला वाजला. एकदा. थांबला.

सोमवारी एक. मंगळवारी एक.

चंपाबाईंची आई जात्यावर बसली की तोंडाला ओवी यायची. चंपाबाईंना जातं मिळालं नाही, पण तांदूळ निवडताना ओठ हलायचे. त्या तीन दिवसांत रोज चार वाजून गेल्यावर ताटातल्या तांदळात बोटं फिरायला लागायची.

बुधवारी वाजला, थांबला. आणि पुन्हा वाजला.

चंपाबाई उठल्या ते ताट लवंडूनच. तीन मजले कशा उतरल्या ते त्यांना नंतर आठवेना. खाली बांबू, बांबूंपलीकडे रिकामा रस्ता, रस्त्यावर एक कुत्रं सावलीला झोपलेलं.

"काकू, कुठं चाललात? मास्क कुठाय?" धम्मपाल खुर्चीतून उठले.

"ह्यांनी बोलावलं."

"काकांनी? खाली?"

"दोन दिल्या ना."

धम्मपालनी वाकून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. तेही गोंधळले असावेत, कारण मग त्यांनी उगाच बांबूची गाठ घट्ट केली. "नाही आलं कोणी. चुकून दबलं असेल बटण."

चुकून. वीस वर्षांत कधी चुकून दबलं नव्हतं. गुरुवारी परत दोन. चंपाबाई परत उतरल्या, या वेळी मास्क लावून, हळू. परत कोणी नाही. मुलाला फोन केला. राकेश पनवेलला अडकलेला. तो म्हणाला, "आई, तू सरळ उचल आणि विचार ना."

"उचलू नको म्हणून सांगितलंय त्यांनी."

"मग कॉल बॅक कर."

"बोलल्यावर दम लागतो त्यांना."

"मग तुला कळणार कसं?" राकेश कातावला. त्याच्यामागून सीमाचा, सुनेचा आवाज आला, "आईंना म्हणावं, व्हिडिओ कॉल करा."

चंपाबाईंनी फोन ठेवला. बोलवतोय तो, आणि आपण जाऊ शकत नाही, असं तर नाही? तिकडून खाली ये म्हणतोय, म्हणजे कुठल्या खाली? मनात जे येत होतं ते त्यांनी मनातच दाबलं, पण बोटं ताटात गेली आणि ओठांनी सांगून टाकलं:

*एक गं वाजली, जीव भांड्यात पडला*
*दुसरी वाजली, पाय उंबऱ्यात अडला*

शुक्रवारी सकाळी अनोळखी नंबर. चंपाबाईंनी घाबरत उचलला.

"दत्ताराम काकांच्या घरून बोलताय का? मी वैदेही, सिस्टर. माझी ड्युटी संपली आता, म्हणून बाहेरून करतेय. काकांनी निरोप दिलाय. मास्क आहे ना, आणि चष्मा नाही म्हणून लिहूनही देता येईना त्यांना, खुणेने सांगितलं मग मी काय ते समजले. म्हणाले, एक माझी आणि एक तात्यांची."

"कुणाची?"

"तात्यांची. शेजारच्या बेडवर आहेत ते. त्यांचं घर तुमच्याच इथं ना?"

चंपाबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या. अकरा वर्षं ज्या माणसाला वाट दिली पण शब्द दिला नाही, त्याच्या नावाची एक रिंग. "हो," त्या म्हणाल्या. "इथंच. पाच खोल्या सोडून."

नलूवहिनींना सांगितलं तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. मग रडता रडता म्हणाल्या, "मिस्ड कॉल? ह्यांच्या नावाचा?" आणि हसल्या. "ह्यांना कळलं तर बेडवरून उठून भांडतील हो."

तेव्हापासून चारच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याची गॅलरी श्वास रोखून असायची. चंपाबाई आपल्या दारात, नलूवहिनी त्यांच्या दारात. फोन दोनदा वाजला की चंपाबाई दोन बोटं वर करायच्या. नलूवहिनी तिकडून हात जोडायच्या, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. खालच्या मजल्यावरची माया सुद्धा जिन्यात येऊन उभी राहायला लागली. "काय काकू, आले का दोघे?"

"आले गो. दोघे पण आले."

मग बुधवार आला.

चारला वाजला. एकदा. थांबला.

चंपाबाईंनी फोन डोळ्यांपासून दूर धरला, मग जवळ. पडद्याकडे बघत राहिल्या. आता वाजेल. कधी कधी नेटवर्क जातं. आता. चार वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. माया जिन्यातून हळूच खाली गेली. समोर, पाच दारं पलीकडे, नलूवहिनी उभ्या होत्या, दोन बोटांची वाट बघत.

चंपाबाईंचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. एक बोट दाखवायचं की दोन, हे त्यांना कळेना. दोन दाखवली असती तर आजचा दिवस निघाला असता. उद्याचं उद्या. पण तो हात शिक्क्याचा होता, आणि खोटं बोलायची त्या हाताला सवय नव्हती. एक बोट वर झालं.

नलूवहिनी गॅलरीतून चालत आल्या. अंतर ठेवून थांबायचं असतं, तेही विसरल्या.

"कुणाची?"

"माहीत नाय, वहिनी."

"फोन तुमच्या ह्यांचा. म्हणजे तुमचीच असणार."

"फोन ह्यांचा. पण हे नसतील तर सिस्टरनं केला असेल. तुमच्या ह्यांच्यासाठी. ह्यांनीच सांगून ठेवलं असेल तिला." चंपाबाई हे बोलून गेल्या आणि मग त्यांना स्वतःच्याच वाक्यातलं 'नसतील' ऐकू आलं.

त्यांनी कॉल बॅक केला. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाई इंग्रजीतून काहीतरी सांगत होती, मग हिंदीतून: स्विच ऑफ. वैदेहीला केला. ती म्हणाली, "काकू, माझे ड्युटीचे सात दिवस झाले. मी आता क्वारंटाइनमध्ये आहे, वॉर्डात नाही. मला खरंच माहीत नाही हो." हेल्पलाइनची मुलगी म्हणाली, "दोन्ही पेशंट कालच्या लिस्टप्रमाणे स्टेबल आहेत."

"आजच्या लिस्टप्रमाणे?"

"आजची उद्या येते."

चहा टाकायला म्हणून चंपाबाई आत गेल्या. पातेल्यात दोन कपांचं पाणी ओतलं आणि साखरेच्या डब्यावर हात थांबला. चाळीस वर्षं एका गॅलरीत, आणि नलूवहिनी साखर किती घेतात हे आपल्याला माहीत नाही. इकडचा कप त्यांच्या हातात कधी गेलाच नव्हता.

"साखर?" आतूनच विचारलं.

दारातून उत्तर आलं. "दोन घाला. ह्यांच्यासमोर एकच घेते."

दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बसल्या. नलूवहिनींनी मास्क हनुवटीवर घेतला आणि चहा प्यायल्या, घोट घोट, सगळा. दोघींच्या मनात एकच होतं आणि ते बोलण्यासारखं नव्हतं. ती एक रिंग माझी असू दे, असं म्हणावं तर समोरचीच्या कपाळाकडे बघवत नव्हतं. समोरचीची असू दे म्हणावं, एवढं मोठं मन कुणाचंच नव्हतं. चंपाबाईंनी डोळे मिटले तर ओवी आली, बिनबोलावता:

*एक गं वाजली, दोघी दारात बसल्या*
*कुणाची म्हणू बाई, दोघी नजरा चुकल्या*

"ती ह्यांनी दिलेली नसेल," नलूवहिनी एकदम म्हणाल्या. "एवढं मला पक्कं माहीत आहे. हे मिस्ड कॉल देणार नाहीत. मरतील पण..."

आणि थांबल्या. चंपाबाईंनी त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

गुरुवारी सकाळचे अकरा. चार वाजायला अजून अवकाश होता. चंपाबाई नळाखाली टोप घासत होत्या, तेवढ्यात आत फोन वाजला. थांबला. परत वाजला. थांबला.

ओले हात घेऊन चंपाबाई गॅलरीत धावल्या. "वहिनी! वहिनी, दोन! दोन आल्या!"

नलूवहिनी बाहेर आल्या. "आत्ता? चारच्या आधी?"

"असू दे की! कालची राहिलेली पण दिली असंल. दोघे पण बरे आहेत!"

नलूवहिनींनी चंपाबाईंना मिठीच मारली. साठीच्या बाई, पण मुलीसारख्या मुसमुसल्या. मग डोळे पुसत आत गेल्या, रवा भाजायला. "शिरा करते. तुम्ही जाऊ नका हं." तुपाचा वास गॅलरीभर झाला. आत चंपाबाईंचा फोन परत वाजला, दोनदा. "बघा," चंपाबाई हसून म्हणाल्या, "पुन्हा सांगतायत. किती वेळा सांगतील!" आणखी पाच मिनिटांनी परत दोनदा. आता मात्र चंपाबाई जरा बुचकळ्यात पडल्या. एवढं काय ते सारखं सारखं?

तेवढ्यात खालून धम्मपालचा आवाज आला, चाळ दणाणून सोडणारा.

"ओ काकू! काका खाली उभे आहेत! सहा मिस्ड कॉल दिले म्हणतात, तुम्ही खाली का येत नाही?"

चंपाबाईंनी कठड्यावरून वाकून बघितलं. बांबूंच्या पलीकडे दत्ताराम. हातात तीच प्लास्टिकची पिशवी, अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा झालेला. वर बघत होता आणि वैतागला होता. तो वैताग बघून चंपाबाईंना फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी ध्यानात आलं. दोन म्हणजे दोघे नव्हते. दोन म्हणजे फक्त, खाली ये.

त्या मागे वळल्या. नलूवहिनी दारात होत्या, हातात उलथनं. त्यांनाही कळलं होतं. आत रवा करपायला लागला होता आणि दोघींपैकी कोणीही हलत नव्हतं.

"जा," नलूवहिनी म्हणाल्या. "ते उभे आहेत उन्हात."

चंपाबाई उतरल्या. धम्मपालनी डिस्चार्जचा कागद वाचला, बांबू बाजूला केला. चंपाबाईंनी पिशवी घेतली. ओझं काहीच नव्हतं त्यात.

"कधीपासून वाजवतोय," दत्ताराम म्हणाला. आवाज कागदासारखा झाला होता. "बहिरी झालीस काय?"

"दोन म्हणजे तुमची एक आन् तात्यांची एक, असं तुम्हीच कळवलंत ना?"

दत्ताराम थबकला. पायरीकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं. "ते ध्यानातच नाय राहिलं. पायरीशी आलो की हात दोनदाच वाजवतो."

"तात्या?"

तो पायरीवर बसला. श्वास जमवायला वेळ लागला. "मंगळवारी रात्री नेलं त्यांना. दुसऱ्या वॉर्डात, वर. का, कुणी सांगंना. जाताना मी सिस्टरला सांगून त्यांच्या मनगटावर तुझा नंबर लिहून घेतला पेनानं. मला पाठ एकच नंबर, तुझा. म्हटलं, तात्या, पोचलात की एक द्या फक्त. मुंडी हलवली."

"हो म्हणून?"

"नाय म्हणून." दत्ताराम पुसटसं हसला, मग हसू गेलं. "बुधवारी चार वाजले. आता दोन देऊ तर खोटं. एक देऊ तर तुम्ही काय समजाल? माहीत नाय याची खूणच नव्हती आपल्याकडं, चंपे. कधी लागलीच नाय. शेवटी एक दिली आन् फोन बंद केला. तू परत केला असतास तर मी काय सांगणार होतो?"

वर, तिसऱ्या मजल्यावरून, नलूवहिनी कठड्यावर वाकून बघत होत्या. दोन बोटं वर धरली होती, आणि मान कलती. दत्तारामने वर बघितलं. त्याचा हात उठला, पण बोटं उघडावी की मिटावी हे काही ठरेना, आणि तो हात तसाच त्याच्या डोक्यावर जाऊन बसला.

त्या दिवशी चार वाजता कुणाचाच फोन आला नाही.

शुक्रवारी दुपारी चंपाबाईंनी आपला फोन नलूवहिनींच्या हातात दिला. "मनगटावरचा नंबर ह्याचा आहे. तुमच्याकडंच राहू दे." दत्ताराम आतल्या खोलीत वेगळा झोपलेला, दार लोटलेलं. दोघी पुन्हा उंबऱ्याशी. चहा झाला होता, दोन साखरेचा.

चारला दहा कमी असताना वाजला. अनोळखी नंबर.

नलूवहिनींनी फोन तळहातावर धरला, पाणी धरावं तसा. एकदा वाजला. चंपाबाईंनी थांबायची वाट बघितली. थांबला नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

"हे काय?" नलूवहिनींचा आवाज फाटला. "हॉस्पिटलचा असणार. तेच असा पूर्ण करतात. घ्या, तुम्ही घ्या, माझ्याच्याने नाही होणार."

पाचव्यांदा. चंपाबाईही गोंधळल्या. त्यांच्या घरात फोन एवढा वेळ कधी वाजलाच नव्हता. एवढ्या लांब वाजण्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. आतून लोटलेल्या दारामागून दत्तारामचा तो कागदी आवाज आला, खोकत खोकत.

"अगं, उचला की! तो तात्याच आहे. दार वाजवून पळणारा माणूस नाय तो. उघडेपर्यंत वाजवणार."

नलूवहिनींनी बटण दाबलं. कानाला लावला. बराच वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. तिकडून येणारं चंपाबाईंना कळत नव्हतं, खरखर होती फक्त, आणि मध्येच एक लांब दम. मग नलूवहिनींचा चेहरा हळूहळू चिडलेल्या बायकोसारखा झाला.

"हो, ऐकू येतंय. हो. उशीर झाला उचलायला, चुकलं माझं. तुम्ही बोलू नका हो एवढं, दम लागेल..."

आणि बोलता बोलताच त्यांनी मोकळा हात चंपाबाईंपुढे धरला. एक बोट.